आडवं प्यादं

"मेला," मिहिर म्हणाला आणि त्याने बुद्धिबळातलं काळं प्यादं बोटाने आडवं पाडलं.

"आरं, असा कसा मेला?" रविराज ताडकन उठला.

पुण्याजवळ मारुंजीला, मिहिरच्या या फ्लॅटवर तो पहिल्यांदाच खेळायला आला होता. निमिष त्याचा रूममेट, त्यानेच ओढून आणलं होतं. मिहिर गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी आपापला माणूस काय करतो ते बोलायचं, निकाल फाशावर. प्रत्येकाच्या माणसाच्या जागी बुद्धिबळातलं एक प्यादं. सोपं होतं. रविराजने जेवण झाल्यापासून बसून आपला माणूस तयार केला होता. नाव गणराज. खांद्यावर कुऱ्हाड, पायात दणकट बूट, गावाकडे म्हातारी आई. आणि भुयाराच्या तोंडाशीच एका फालतू उंदराने त्याचा गळा फाडला!

"हा खेळच असाय भावा. इथं कुणालाच माफी नाही," मिहिर म्हणाला. "तीच तर मजा."

"पण त्याला पुढं कुणी घातलं? तुमीच ना?"

"मग? नव्यालाच घालतात पुढे," निमिष खिदळला. "कुऱ्हाड माझी हां!"

"बूट मला," सायली लिहूनही मोकळी झाली. "माझी चेटकीण अनवाणी आहे कधीची."

"आरं, अंग तरी गार होऊ द्या त्याचं!"

मिहिरने कोरा कागद पुढे सरकवला. "चिडतो काय राव? दुसरा कर ना. नाव तेवढं बदल, बाकी सगळं हेच उतरव. दोन मिनिटांत होतो माणूस."

रविराजचे कान तापले. "आमच्या चाकणच्या कंपनीत पन मानूस पडला तर मशीन बंद करतात. तुमी तर त्याच्या अंगावरनं चालत सुटले!"

सगळे हसले. मग सायलीने सहजच विचारलं, "खरंच बंद करतात?"

रविराज खाली बसला.

"केली होती," तो म्हणाला. "प्रेसचं मशीन पुसून घेईपर्यंत. मग ठेकेदारानं दुसरा आनून उभा केला. हातमोजे पन त्याचेच दिले."

"कुणाचे?"

रविराजने आपल्या कागदावरच्या 'गणराज' या नावावर बोट ठेवलं.

वर पंखा कुरकुरत होता. निमिष फासे नुसतेच मुठीत घोळवत राहिला.

"बरं, चला," मिहिर जरा वेळाने म्हणाला. "नवीन माणूस घेऊ." आणि पडलेलं प्यादं उभं करायला त्याने हात पुढे केला.

रविराजचा पंजा धाडकन प्याद्यावर पडला.

"हे नाय," तो म्हणाला. "दुसरं घे."