फाटकावरचा माणूस

"तिथे सुरक्षित आहे ना हो?" फोनवरच्या माणसाने पुन्हा एकदा विचारलं.

"आहे," हॉटेलमालक म्हणाला. "आम्ही इथेच राहतो. अजून जिवंत आहोत."

पलीकडून फोन आदळला. मालकाने कपाळावर हात मारला. आपल्या जिभेला हाड नाही हे त्याला ठाऊक होतं, पण खोल्या भाड्याने देणाऱ्याने लोकांच्या जिवाची हमी आणायची तरी कुठून?

बाजारात बॉम्ब फुटला त्याला वर्ष होत आलं होतं. दुकानांच्या काचा बदलून झाल्या होत्या, चौकातला फुगेवालासुद्धा परत आला होता. फक्त पर्यटक परतले नव्हते. मालक रोज रिकाम्या खोल्यांतल्या चादरी झटकायचा आणि चिडचिड करत खाली यायचा. हाही मोसम असाच गेला तर हॉटेल विकून टाकायचं, यावर नवराबायकोचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

"फाटकावर रखवालदार ठेवा," बायको म्हणाली होती. "गणवेशातला. येणाऱ्याला जरा धीर येतो."

"धीर येतो? त्याला बघून माणूस आल्या पावली परत जाईल! इथे नक्की काहीतरी घडणार आहे, असं म्हणेल."

शब्दाने शब्द वाढला. तुमच्या हट्टापायी हॉटेल बुडणार, असं ती म्हणाली. मग तूच चालव, असं तो म्हणाला. झालं, अबोला सुरू. निरोप स्वयंपाक्यामार्फत जाऊ लागले. बिचारा भाजी चिरता चिरता दोन्हीकडचे टोमणे पोचवायचा आणि त्यातले निम्मे स्वतःच गिळून टाकायचा.

सोमवारी सकाळी मालक पडदे सारायला गेला, तर फाटकावर रखवालदार उभा. निळा गणवेश, चकचकीत बूट, हातात तपासणीचं यंत्र. मालकाला बघून त्याने कडक सलाम ठोकला.

मालकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परस्पर ठेवला! एका शब्दाने विचारलं नाही! जाब विचारायचा तर आधी तोंड उघडावं लागणार, आणि आधी तोंड उघडायचं म्हणजे हार पत्करायची. तो गप्प बसला. थोड्या वेळाने बायकोने स्वयंपाक्याच्या हाती फाटकावर चहा पाठवला, तेव्हा तर तो आणखीच भडकला. मालकाला कोण विचारतो, नोकराला मात्र गरम चहा!

पण माणूस कामाचा निघाला. त्याच दिवशी रस्त्याने जाणारं एक जोडपं त्याला पाहून थांबलं आणि खोली घेऊन राहिलं. मग दुसरं आलं. बुधवारी तो मालकाला मागच्या दाराशी घेऊन गेला.

"मालक, दोन दारं म्हणजे डोक्याला दुप्पट ताप. हे कुलूप लावून बंदच ठेवू या. चावी माझ्याकडे असू द्या."

मालकाने चावी दिली. वरच्या खिडकीतून बायको बघत होती. ती गालातल्या गालात हसल्यासारखी वाटली, आणि मालकाचं डोकं पुन्हा फिरलं.

शुक्रवारी मात्र अख्खी बस येऊन उभी राहिली. निवृत्त शिक्षकांची सहल होती, आणि म्होरक्या होत्या एक ठणठणीत मुख्याध्यापिका बाई.

"सगळं गाव पालथं घातलं हो," त्या म्हणाल्या. "कुठे कुणी बॅगेला हात लावेना. तुमच्या माणसाने बुटांच्या तळव्यांपर्यंत तपासलं. कोण कुठल्या खोलीत, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला जिना चढवत नाही, सगळं विचारून घेतलं. आज मी निर्धास्त झोपणार. आमच्या पुढच्या सहलीही तुमच्याकडेच पाठवते, बघा."

मालकाचे डोळे भरून आले ते लपवायला तो उगाच किल्ल्या मोजत राहिला.

संध्याकाळी सगळे पाहुणे जेवणाच्या दालनात जमले. सुरक्षेच्या सूचना द्यायच्या आहेत, एकानेही खोलीत थांबू नये, असं रखवालदार प्रत्येकाला जातीने सांगून आला होता. कितीतरी दिवसांनी तिथे हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. स्वयंपाकी वाढायला गेला होता. स्वयंपाकघरात बायको एकटीच ताटल्या पुसत होती. निरोप न्यायला कुणी नव्हतं.

मालक दारात घुटमळला. मग एकदाचा बोलला.

"ऐक. चुकलं माझं."

तिचा हात थांबला.

"तुझंच खरं होतं. मला न विचारता तू त्याला ठेवलंस म्हणून आठवडाभर धुमसत होतो. पण त्याच्यामुळेच हॉटेल वाचलं. बरं केलंस."

तिने ताटली खाली ठेवली. दालनातला गलबला एकाएकी थांबला. सूचना सुरू झाल्या असाव्यात.

"अहो, काय बोलताय?" ती म्हणाली. "मी तर सोमवारपासून वाट बघतेय, तुम्ही त्याला ठेवलंत हे माझ्याजवळ कधी कबूल करताय याची."