नावावरचं यंत्र

फोन दुसऱ्यांदा वाजून थांबला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. कमलाकांतने तो ओट्यावर पालथा ठेवला.

"मगासचाच नंबर," तो म्हणाला. "मुंबैचा."

बांबूवरचे बोंबील काढता काढता हेमाली थांबली. दुपारपासून वारा वाढला होता. तिची आई जमना शेजारीच टोपली भरत होती.

"उचलू नका, बाबा. आधी काय बोलायचं ते ठरवा."

भरदिवसा ती सातपाटीला माहेरी होती, कारण तिच्या कामाच्या ठिकाणी सोमवारपासून कुलूप लागल्यासारखं झालं होतं. बोईसरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये ती मशीनच्या भागांची ड्रॉइंग करायची. मालक केतनशेठनी बंद पडलेल्या एका कारखान्याकडून कॉम्प्युटर विकत घेतले होते, आतल्या सॉफ्टवेअरसकट. पावती फाईलला होती. तरी सोमवारी सकाळी सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन आला. बाईचा आवाज, अगदी गोड. कोणाच्या नावावर आहे, आता कुठे आहे, कोण वापरतं? केतनशेठनी खरं ते सांगितलं. जेवणाच्या सुट्टीआधी सगळे पडदे काळे झाले.

त्याच संध्याकाळी हेमालीने माहेरी येऊन बाबांच्या बोटीवरच्या जीपीएसचं खोकं शोधलं. आत इंग्रजी कागद होता, खाली कमलाकांतची सही. दुकानात त्याने तो न वाचताच सही केली होती. त्यात म्हटलं होतं: यंत्र घेणाऱ्याचं. आतला नकाशा आणि सॉफ्टवेअर कंपनीचं. ते विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, भेटही देता येणार नाही.

कमलाकांतने नेमकं तेच केलं होतं. गुडघा गेल्यावर त्याची बोट खाडीत नांगरावर पडून राहिली, आणि नारळी पुनवेला त्याने जीपीएस जावयाच्या हातात ठेवला. जावयाने, सुजीतने, नुकतीच स्वतःची पहिली बोट घेतली होती. सासऱ्याने त्याला एकेक गोष्ट समजावली होती: नकाशा, पाण्याची खोली, कोपऱ्यातलं लाल झाकणाचं बटण, आणि तीस वर्षांत स्वतः हुडकलेल्या खडकांच्या खुणा.

"खडक मी हुडकले," तो आता म्हणाला. "खुना मी भरल्या. पैसं मी मोजलं. म्हंजे बोट आपली, दर्या आपला, आन् वाट तेवडी कंपनीची?"

"तसंच हाय ते."

"उद्या म्हनतील, जाळं इकलं तरी भोकं आमची."

जमना हसली नाही. "जावयाला दिलंत तवा मोठं मिरवलात. माला तरी इचारलंत?"

"आई, आता भांडू नको." हेमालीने टोपली खाली ठेवली. "बाबा, केतनशेठनी खरं बोलून काय मिळवलं? तिकडं नुसते कॉम्प्युटर बंद झाले. इकडं तो बाहेर हाय."

सुजीत चार खलाशी घेऊन परवा पहाटे गेला होता, आज अंधार पडता पडता परतायचा होता. बंदरात शिरायच्या आधी खडकांची रांग होती. पडदा काळा झाला, तर तिच्या नवऱ्याला त्या रांगेतून अंदाजाने यावं लागलं असतं.

"यंत्र माज्याकडं हाय, माज्या बोटीवर हाय, बोट खाडीत हाय," ती म्हणाली. "एवढंच सांगा. दुसरं कायच नाय."

कमलाकांतने ते दोनदा म्हणून पाहिलं. तेवढ्यात फोन तिसऱ्यांदा वाजला. हेमालीने तो स्पीकरवर टाकला.

"कमलाकांतजी बोलताय का?" बाईचा आवाज. गोड नव्हे, घाईचा. "तुमच्या नावावरच्या यंत्राबाबत आमच्याकडे—"

"यंत्र माज्याकडंच हाय," तो म्हणाला. "मी कोनाला इकलं नाय, कोनाला दिलं नाय."

"म्हणजे तुमच्याच बोटीवर आहे?"

"माज्याच."

"आणि बोट कुठे आहे आत्ता?"

"खाडीत. नांगरावर. हितनं दिसते माला."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली.

"पण आमच्या पडद्यावर यंत्र खाडीत दिसत नाहीये. पश्चिमेला, बरंच आत दिसतंय."

कमलाकांतने मुलीकडे पाहिलं. हेमालीने मान जोरजोरात हलवली.

"पडदा चुकत असंल तुमचा," तो म्हणाला.

"बोटीवर माणसं किती आहेत?"

"कोनी नाय."

"कोणीच नाही? नीट आठवून सांगा. मला तसं लिहावं लागेल."

"आटवायचं काय त्यात? पन्नास वर्सं दर्या बगितलाय मी. माजी बोट रिकामी हाय का भरलेली, ते तुमी माला मुंबैतनं सांगनार?"

बाईने सुटकेचा निःश्वास टाकला.

"नाही, तसं नाही. चांगलंच आहे की. तुम्ही मालक आहात, तुम्ही म्हणता तर प्रश्नच नाही. मी हे इथेच थांबवते. यंत्र एकदा तपासून घ्या."

"घेतो, बाय, घेतो."

फोन बंद झाला. हेमाली ओट्यावर बसली. दिवसभरात पहिल्यांदा तिला हसू आलं.

"भारी बोललात, बाबा."

"मंग? तुज्या केतनशेटला पाठव माज्याकडं शिकायला." कमलाकांतने टोपी काढून घाम पुसला. "चहा टाक गं, जमना. जावय येईल आता."

जमना आत वळली. वाऱ्याने रिकामे बांबू एकमेकांवर आपटत होते. फोन पुन्हा थरथरला, पण यावेळी नुसता मेसेज होता.

"इंग्रजीत हाय," त्याने फोन पुढे केला. "बग, मिटलं म्हनतात का."

हेमाली एकेक ओळ मराठीत करून मोठ्याने वाचू लागली.

"'आज दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी आपल्या बोटीवरून आलेली मदतीची हाक चुकून दिली गेली, असे आपण स्वतः कळवल्यामुळे, निघालेली बचाव नौका परत बोलावण्यात आली आहे.'"