चादरीची दोन टोकं

"धुवायच्या आधी खिसा उलटून बघावा, विश्वासायच्या आधी माणूस." धुलाईघरातल्या म्हातारीनं तिला पहिल्या दिवशी हे सांगितलं होतं. म्हातारी कधीच गेली, पण यंत्रांच्या घरघरीत तिचा आवाज अजून ऐकू यायचा. आज जरा जास्तच.

इस्पितळाच्या धुलाईघरात जुन्या ठेकेदाराचा आज शेवटचा दिवस होता. उद्यापासून नवा ठेकेदार, नवा करार, आणि करारात एक नवं कलम: एका घरातलं एकच माणूस कामावर राहील. ती आणि तिचा धाकटा दीर एकाच चुलीवर जेवणारे.

दोघं समोरासमोर उभे राहून चादरींच्या घड्या घालत होते. दोन टोकं तिच्याकडे, दोन त्याच्याकडे. ताणायची, झटकायची, जवळ येऊन टोकाला टोक द्यायचं, पुन्हा मागं सरायचं. इतक्या वर्षांत त्यासाठी बोलावं लागलं नव्हतं. आज मात्र प्रत्येक घडी तिरकी जात होती.

सकाळी तो ऑफिसात जाऊन आला होता. कशाला, विचारलं तर म्हणाला, पाणी प्यायला. इथल्या नळाला काय धाड भरली होती? आल्यापासून तो नजर वर करत नव्हता. इस्त्रीवाल्या मावशीची थट्टा केल्याशिवाय ज्याचा दिवस सरत नसे, तो आज मुका झाला होता.

मावशीनं इस्त्री फिरवता फिरवता टोमणा मारलाच. म्हणाली, एका ताटात जेवणारेच आधी घास मोजायला लागतात.

तिच्या मनात पाल चुकचुकली. परका म्हणावा तर तिच्याच हातचं खाऊन वाढलेला. आपला म्हणावा तर आपला आज खाली का बघतो? ती त्याच्या चेहऱ्यावर डोळे लावून होती. ऑफिसच्या दाराकडे मात्र तिनं एकदाही पाहिलं नाही.

जेवणाची घंटा झाली. त्यानं चादर ठेवली, अंगावरचा निळा सदरा काढला, दोन्ही खिसे उलटे केले आणि सदरा परत करायच्या ढिगावर टाकला. बनियनवर उभा राहिलेला तो तिला एकाएकी शाळकरी पोरासारखा दिसला.

"राग धरू नका, वहिनी," तो म्हणाला. "माझं नाव काढा, असं सांगायला गेलो होतो. मला कुठंही काम मिळेल. तुम्हाला या वयात कोण उभं करणार?"

ती घातलेलीच घडी उलगडून पुन्हा घालू लागली.

"पण गंमत बघा. कारकून म्हणाला, तुझं नाव कालच निघालंय, घरच्यांनीच सांगितलं." त्यानं शेवटची चादर उचलली, सवयीनं दोन टोकं तिच्याकडे टाकली. "दादा आला असेल. मला मेल्यानं आधी सांगायचं तरी."

तिनं टोकं पकडली. होय म्हटलं असतं तर काही अडलं नसतं. थोरला भाऊ धाकट्याच्या शिव्या हसत खातो.

चादर ताणली गेली. झटकली गेली. तो टोकं घेऊन जवळ आला, अगदी श्वासाएवढा जवळ, आणि घ्या म्हणून हात पुढं केले.

तिनं ती घेतली नाहीत.

"दादा नाही, भाऊजी," ती म्हणाली. "मी गेले होते."