उजवा हात

पहिला घाव केशवच्या डाव्या खांद्यावर बसला. सलाइनच्या लोखंडी स्टँडचा. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच ऐकला, पण उजवा हात हलू दिला नाही. त्या हातातल्या चिमट्याने त्याने गोपिकेच्या गळ्यातलं भोक उघडं धरलं होतं.

"सोड माह्या पोरीले!" नत्थूजी ओरडला. "गळा चिरून राहिला काय बे तिचा?"

गोपिका त्याची पाच वर्षांची मुलगी. घटसर्पातून वाचली, पण श्वासाची वाट आतून आवळून गेली. म्हणून नागपूरच्या सरकारी दवाखान्यात तिच्या गळ्याला भोक पाडून चांदीची नळी बसवली होती. श्वास त्या नळीतूनच. ती नळी आणखी दोन-तीन वर्षं तरी निघणार नव्हती, आणि दर आठवड्याला बदलावी लागत होती. लहान मुलांच्या वॉर्डात नुकताच शिकायला आलेला केशव त्या सकाळी ते काम पहिल्यांदा करत होता. जुनी नळी सहज निघाली. नवी आत जाईना. पोरगी निळी पडली, हातपाय झाडू लागली. दोन नर्सनी तिला दाबून धरलं. नेमका तेव्हाच चहा प्यायला गेलेला बाप परत आला.

दुसरा घाव डोक्यात बसला. रक्त डोळ्यांत उतरलं. त्याच्या शेजारीच वॉर्डाच्या प्रमुख डॉ. प्रेमलता खानझोडे उभ्या होत्या. त्यांनी नत्थूजीकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. केशवच्या हातावर वाकून त्यांनी नळी तिरपी धरली, किंचित फिरवली आणि आत सरकवली. तिसरा घाव केशवच्या पाठीत बसला तेव्हा गोपिका खोकली. नळीतून कफ उडाला आणि मागोमाग हवा आली.

तेव्हा कुठे केशवने चिमटा सोडला.

आरडाओरडा ऐकून बाकीचे शिकाऊ डॉक्टर धावत आले होते. त्यांतल्या ताराचंदने नत्थूजीला मागून कव घातली, वामनने स्टँड हिसकावला, आणि सगळ्यांनी मिळून त्याला फरफटत व्हरांड्यात नेलं. नत्थूजी मौद्याजवळ कन्हान नदीच्या रेतीत टरबुजाच्या वाड्या करणारा माणूस. अंगाने दणकट. पण इतक्या जणांपुढे त्याचं काय चालणार? तो पडला. लाथा पोटात बसल्या, तोंडावर बसल्या. एक दात फरशीवर घरंगळत गेला.

केशव भिंतीला धरून बाहेर आला. त्याचा डावा हात नुसता लोंबत होता.

"बोल केशव," ताराचंद धापा टाकत म्हणाला, "काय करायचं याचं?"

केशवने खाली पडलेल्या माणसाकडे पाहिलं. मी तिला जगवत होतो आणि हा मला मारत होता, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"ज्या हाताने मारलं ना, तो मोडा."

त्यांनी नत्थूजीचा उजवा हात व्हरांड्याच्या दाराच्या फटीत धरला. ताराचंदने दारावर अंग टाकलं. कडकड आवाज झाला. नत्थूजी गुरासारखा ओरडला. केशवला बरं वाटलं. खरोखरच बरं वाटलं.

ओरडणं ऐकून डॉ. प्रेमलता बाहेर आल्या. सगळे बाजूला सरले. त्या खाली बसल्या आणि त्यांनी तो हात अलगद उचलून मांडीवर घेतला. चारही बोटं वेडीवाकडी झाली होती.

"बाई, माही पोरगी?" नत्थूजीने विचारलं. तोंडातून रक्त गळत होतं.

"श्वास घेते आहे."

"यानं मारली नाई तिले?"

"यानेच वाचवली. तुम्ही मारत होता तेव्हा तिच्या श्वासाची वाट यानेच उघडी धरून ठेवली होती."

नत्थूजी केशवकडे बघत राहिला. मग त्याने चांगल्या हाताने आपल्याच थोबाडीत मारली. पुन्हा मारली. बाईंनी तो हातही धरला.

"मॅडम, पोलिसांना फोन करतो," ताराचंद म्हणाला. "केशवचा खांदा बघा ना."

"खांदा मला दिसतोय." बाईंचा आवाज चढला नाही. "गोपिकेला आई नाही. मागच्या पावसाळ्यात गेली. घरात हा एकटा. रात्री-बेरात्री नळी तुंबली तर मौद्याहून इथे येईपर्यंत पोरगी जगायची नाही. म्हणून पुढच्या आठवड्यापासून नळी काढायला, साफ करायला, परत बसवायला मी याला शिकवणार होते." त्यांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. "या हाताला."

ताराचंदने हळूच दाराची कडी सोडली.

"पोलिसांना मी काय सांगायचं ते सांगेन," बाई उठत म्हणाल्या. "ताराचंद, तू नत्थूजीला हाडांच्या वॉर्डात ने. चालवत नको. चाकांच्या खुर्चीवर."

दुसऱ्या दिवशी केशवला सुट्टी होती. खांदा बांधलेला, डोक्याला टाके, ताप चढलेला. तरी तो सकाळी वॉर्डात आला. गोपिका उशीला टेकून बसली होती. तिच्या खाटेजवळ नत्थूजी जमिनीवर बसला होता, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. केशवला पाहताच तो धडपडत उठला, भिंतीला पाठ लावली आणि मार चुकवायला हात तोंडापुढे धरला.

केशव थांबला. मग त्याने पायाने स्टूल ओढलं, खाटेवर नळीचा ट्रे ठेवला आणि झाकण काढलं.

"नत्थूजी," तो म्हणाला, "डावा हात साबणाने धुवून या. माझाही एकच चालतोय."