बिनसाखरेची प्लेट

गीतानं लॅबमधल्या दोन्ही काचेच्या प्लेटींवर लाल रंग ओतला आणि हात ॲप्रनला पुसले. रंग मुरेपर्यंत थांबायचं होतं, आणि थांबणं तिला कधी जमलेलं नाही.

शेजारच्या स्टुलावर तिचे गाईड हिम्मतराव सर बसले होते. निवृत्तीला आलेला माणूस, पण शब्दाचा पक्का. "आज रिंग दिसली तर ठेव. नाही तर कुकरमध्ये टाक अन् दुसरं काम घे," असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. कुकर म्हणजे लॅबमधलं वाफेचं यंत्र. त्यात गेलेलं काही जिवंत परत येत नाही.

जिवावर बेतलं होतं ते एका हिरव्या बुरशीच्या. बेगम बाजारात दुकानांमागं भिजून कुजलेल्या खोक्यावरून गीतानंच ती खरवडून आणली होती. खोकं खाते म्हणजे कागद, कडबा, टरफलं तोडणारी रसायनं हिच्याकडे असणारच, अशी तिची खात्री. कडब्यातून साखर काढायला तीच तर हवी होती. पण तीन वेळा तपासूनही बुरशीनं काही केलं नव्हतं. खायची, फुगायची आणि ढिम्म बसायची.

मागच्या आठवड्यात सरांनी सहज विचारलं, "हिच्या खाण्यात काय काय घालतीस?"

"सेल्युलोज, क्षार अन् वरून थोडं ग्लुकोज, सर."

"ग्लुकोज कायकू?"

"नुसत्या सेल्युलोजवर लईच रोड दिसत होती. बघवंना मला."

अंबरपेठेतल्या तिच्या घरी आलेल्याला आधी जेवलात का विचारतात, मग नाव. तिथली मुलगी बुरशीला तरी उपाशी कशी ठेवणार? सर मात्र हसले नाहीत. एक प्लेट तुझ्या हातची, साखर घालून कर, म्हणाले, आणि एक बिनसाखरेची.

त्याच दोन आता समोर होत्या.

"धू आता," सर म्हणाले.

गीतानं मिठाचं पाणी ओतलं आणि जास्तीचा रंग धुऊन काढला. हा रंग सेल्युलोजला चिकटून राहतो; ते जिथं खाल्लं गेलंय तिथून धुऊन जातो आणि रिंग उरते. साखरेच्या प्लेटमध्ये बुरशी चांगली गुबगुबीत होती, आणि भोवती जिकडेतिकडे लाल. रिंगचा पत्ता नाही. दुसऱ्या प्लेटकडे बघायचा तिला धीरच होईना. तिथली बुरशी म्हणजे कोपऱ्यातलं जळमट. तिनं पाणी ओतलं, हलवलं, पुन्हा ओतलं.

जळमटाभोवतीचा लाल रंग सुटू लागला. पिवळसर, स्वच्छ गोल. आधी नाण्याएवढा, मग बघता बघता बांगडीएवढा. तेवढ्या भागातलं सेल्युलोज त्या मरतुकड्या बुरशीनं फस्त केलं होतं.

गीता अशी ओरडली की पलीकडच्या टेबलावरचे सगळे वळून बघू लागले.

"सर, दोन्हीकडं एकच बुरशी आहे ना?"

"एकच. जीन्सपण तेच. आयती साखर मिळते तोवर तिचंच एक प्रोटीन ती रसायनं बनवणाऱ्या जीन्सवर ठाण मांडून बसतं. कामच करू देत नाही. बरोबर आहे की, फुकटची मेहनत कोण करणार? साखर सरली की ते बाजूला होतं. मग समोर खोकं असेल तर ही ते तोडायची हत्यारं बनवते, बाहेर सोडते, अन् त्या खोक्यातूनच आपली साखर काढून घेते."

"पण तिला कळतं कसं? ना डोळे, ना डोकं."

"तेच तर!"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. असे गोल त्यांनी उभ्या आयुष्यात ढिगानं पाहिले असतील. तरी नातवंड पहिल्यांदा हातात घ्यावं तसा चेहरा झाला होता. "कमाल आहे बुवा हिची," ते पुटपुटले. आणि खरंच, कमालच होती.

गीताचे डोळे भरून आले. "मी हिला जीव लावला, सर. अन् त्या मायेपायीच आज कुकरात गेली असती."

"माया ठीक आहे," सर म्हणाले. "भरवसा नव्हता तुझा तिच्यावर."

हे तिला लागलं. पण ते खरं होतं. तिनं बिनसाखरेची एक नवी प्लेट घेतली, सुईच्या टोकानं बुरशीचा जिवंत कण मधोमध ठेवला आणि झाकण लावलं.

सर जायला उठले. "दोन-चार दिवस रोडावेल ती. तुला बघवणार नसेल तर नको येऊस."

"येणार, सर," गीता म्हणाली. "रोज येणार. हात मागं बांधून बघत बसणार."