जवळजवळ नवा

जुनी वाद्यं घेणाऱ्या दुकानदाराने मधल्या ड्रमची दोन्ही बाजूंची ताणलेली पानं उतरवली, उरलेलं लाकडी खोड जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ठेवलं आणि आत मोबाइलचा टॉर्च सोडला. मग गुडघे टेकून तो कडेखालून पाहू लागला. कुठे फटीतून उजेड दिसला तर लाकूड वाकलं म्हणायचं आणि भाव पाडायचा. उजेड दिसला नाही.

"खोड ठणठणीत आहे," तो जरा नाराजीनेच म्हणाला.

"असणारच," नवरा म्हणाला. "हिने हौसेपायी घेतला आणि पडून राहिला. फारसा वाजवलेलाच नाही."

ती सोफ्यावर बसून होती, उजवा हात झोळीत. डॉक्टरांनी खांद्याचं ऑपरेशन सांगितलं होतं, म्हणून तर ड्रमसेट विकायला काढला होता. 'तू फक्त गप्प बस, बाकी मी बघतो,' असं नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं आणि तिने मान हलवली होती. खांदा झिजला तो ड्रम वाजवून, आणि आता त्याच्याच इलाजासाठी ते कधी वाजवलेच नाहीत म्हणायचं. मान हलवताना हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

दुकानदार झांजांकडे वळला. एक उचलली आणि खिडकीशी नेली. झांज नव्या ताटासारखी चकाकत होती.

"या कुणी घासल्या?"

"मीच," नवरा अभिमानाने म्हणाला. "दोन दिवस लागले. भांड्यांची पावडर, थोडं लिंबू."

कुणी डोळ्यांदेखत दुधात मीठ टाकावं तसा दुकानदाराचा चेहरा झाला. "साहेब, झांज घासत नाहीत हो. कंपनीचा छाप उडाला, आवाजही बदलतो. पण वाजवलेल्याच नाहीत म्हणताय, तर चालवून घेऊ. सगळ्याचे मिळून पंचेचाळीस हजार. वाजवलेला असता, तर तीसच्या वर एक पैसा दिला नसता."

नवऱ्याने तिच्याकडे पाहून भुवया उडवल्या. काम फत्ते झालं होतं.

टेम्पोत एकाचा माल दुसऱ्यात मिसळू नये म्हणून दुकानदार सौदा झाला की जागेवरच चिठ्ठी बांधायचा. तीच पुढे दुकानात गिऱ्हाईक वाचायचं. त्याने खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं, "एका गृहिणीचा. जवळजवळ नवा."

ती उठली.

"स्नेअरची रिम बघा," ती म्हणाली. "माझ्या बाजूची. अंगठा फिरवा तिच्यावरून."

दुकानदाराने अंगठा फिरवला. त्या छोट्या ड्रमच्या लोखंडी कड्यावर एकाच जागी, चार बोटांत, पोच्याला लागून पोचा होता.

"अगं, ते घर बदलताना लागलं असेल," नवरा घाईने म्हणाला.

"घर बदलताना एकाच जागी शंभर पोचे पडत नाहीत. तिथे अठरा वर्षं माझी काठी बसली आहे. आठवड्याला चार कार्यक्रम आणि उरलेले दिवस घरी रियाज." ती दुकानदाराकडे वळली. "आता पायाचं पेडल बघा. टाचेखालची नक्षी शिल्लक आहे का?"

नक्षी शिल्लक नव्हती. दुकानदाराने पेडल हळूच खाली ठेवलं.

"वहिनी, जरा गप्प राहिला असता तर पंधरा हजार जास्त मिळाले असते."

"आणि तुझा खांदा?" नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि काळजीच जास्त होती, ते तिला कळलं. पण शेजारीपाजारी, नातेवाइकांत, सगळीकडे इतकी वर्षं हा 'ही बँडचं बुकिंग बघते' असंच सांगत आला होता, तेही तिला आठवलं.

"खांदा कशाने गेला, ते तुम्हीच सांगा यांना," ती म्हणाली. "फोनवर बुकिंग घेऊन?"

नवऱ्याने घासलेली झांज उचलून पुन्हा खाली ठेवली.

"ऑपरेशन दोन महिने उशिरा होईल. दुखेल. दुखू दे." ती दुकानदाराला म्हणाली, "तीसच द्या. पण ती चिठ्ठी फाडा आणि माझ्यासमोर दुसरी लिहा. अठरा वर्षं वाजवलेला, असं."

"असं लिहून कुणी माल विकतं का? गिऱ्हाईक बिचकेल."

"बिचकू दे. ज्याला वाजवायचं असेल तो नाही बिचकणार. नसेल जमत, तर पानं परत चढवून द्या आणि निघा."

दुकानदाराने खोडाकडे पाहिलं, रिमकडे पाहिलं. अठरा वर्षं मार खाऊन न वाकलेलं खोड रोज हाती लागत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने पुठ्ठा फाडला, दुसरा काढला आणि कपाळाला आठ्या घालत लिहिलं. तिने तो हातात घेऊन वाचला. शब्द बरोबर होते, पण अक्षर मुंगीएवढं होतं.

"मोठं लिहा," ती म्हणाली.

त्याने पुठ्ठा उलटून मोठं लिहिलं.

टेम्पोत सामान चढलं. दुकानदार चिठ्ठी बांधायला पुढे झाला, तेव्हा तिने ती त्याच्या हातून घेतली आणि मोठ्या बेस ड्रमच्या दर्शनी बाजूला अडकवली. नवरा मदतीला आला. तिने मान हलवून नको म्हटलं. डाव्या हाताने दोरी ओढली, दुसरं टोक दातांत धरलं आणि गाठ आवळली.