७३९३९१३३

डॉक्टरसाहेब, तुम्ही अप्पांना तारीख विचारलीत, माझं नाव विचारलंत. ते गप्प बसले, तर पाच मिनिटांत माझ्या बापाला निकालात काढलंत. "मेंदू गेलाय, वृद्धाश्रमात ठेवा," म्हणालात. तेही त्यांच्यासमोर.

घरी येताच गणिताचे हे म्हातारे मास्तर खडू घेऊन फरशीवर बसले. ७३९३९१३३. "मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. गधडे, भागून बघ की!" मला ते वर्गातली पोरगी समजत होते.

मग अंगठ्याने शेवटचा तीन पुसला. "उरली तीही मूळच!" पुन्हा एक आकडा पुसला, पुन्हा मूळच. कितीही पुसा, उरलेल्याला कुणी भागू शकत नव्हतं. मला हसू फुटलं. तुम्ही खोटे ठरलात, माझा बाप शाबूत आहे, असं वाटलं.

फरशीवर फक्त सात राहिला. त्याच्यावर अंगठा ठेवून अप्पा थांबले. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं आणि घाबरून म्हणाले, "बाई, हा पुसला की काय उरतं?"

ते अजून वाट बघतायत. डॉक्टरसाहेब, बोला ना, काय सांगू?